सतराने भागून

नळी मी फॉइलमध्ये गुंडाळते, कडा नीट दुमडून,
शेजारीण पोळी बांधून देते तशी.
बिलिरुबिन उजेडात विरत जातं,
आणि सोहारमध्ये सकाळी सातलाच
काचेतून एवढा उजेड घुसतो
की रक्तालाही सावली द्यावी लागते.

मुअज्जम सोलकर, दाभोळ, वय एकतीस,
बंदरात क्रेन चालवतो.
दंडाला रबर बांधताना दिसला
कोपराखाली जुना डाग, चवलीएवढा.
"काविळीचा. सातवीत होतो.
चुलत्यानं विळा तापवला. चौघांनी धरलं होतं मला."
"मग उतरली?"
"उतरली. परत आली. परत उतरली.
डाग तेवढा राहिला."

दुपारी मशीनने आकडा दिला:
एकूण एक्केचाळीस. त्यातलं डायरेक्ट, सहा.

संध्याकाळी तो आला, रोजा सुटायला तास बाकी,
ओठ सुकलेले, मोबाइल पुढे धरलेला.
त्यात चिपळूणच्या लॅबचा जुना कागद. दोन.
"ताई, दोनाचे एक्केचाळीस?
दोन वर्षांत?
मेडिकलला अडकणार मी. व्हिसा गेला."
डोळ्यांच्या कडा लिंबाच्या सालीसारख्या.
कावीळ झालेल्याला म्हणे जग पिवळं दिसतं.
त्याला काळं दिसत होतं.

रिपोर्ट समजावणं माझं काम नाही.
डॉक्टर झुवैना इफ्तारनंतर येतात.
पण माप वाचून दाखवायला हरकत नसावी,
असं मीच ठरवलं.

"घरी किती पाठवता?"
"ऐंशी रियाल."
"आईच्या हातात किती पडतात?"
"सतरा हजार. कधी अठरा."
"म्हणजे वाटेत वाढले?"
तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला,
क्रेनवरून खाली कोणी हात हलवतंय आणि
खूण कळत नाहीये, असं.
"तिकडचं माप वेगळं, इकडचं वेगळं.
एक्केचाळीसला सतराने भागा."
अंगठा काचेवर फिरला.
दोन पॉइंट चार.
"आणि हे वरचे पॉइंट चार?"
"रोजे किती झाले?"
"एकोणीस."
तेवढ्यात अजान झाली. त्याने खिशातून खजूर काढला,
अर्धा माझ्यापुढे ठेवला.

डॉक्टरांनी हिंदीत समजावलं, त्याच्याच बंदराच्या भाषेत.
लाल पेशी म्हणजे जहाजं, चार महिने चालतात,
मग मोडीत निघतात. मोडीतून हा पिवळा माल निघतो.
यकृत तो कंटेनरात भरतं, पित्तातून पाठवून देतं.
"तुझी भरणारी क्रेन जन्मापासून सावकाश आहे.
पोट रिकामं असलं की आणखी सावकाश.
पण भरलेला माल अडकत नाही, हे सहा बघ, गेट उघडं आहे.
बाकीच्या तपासण्याही साफ आहेत.
याला गिल्बर्ट म्हणतात. याला औषध नाही,
कारण याला औषध लागत नाही."

तो बराच वेळ कोपराखालचा डाग चोळत बसला.
"मग हा कशासाठी?" त्याने मराठीत विचारलं,
म्हणजे मला.
मी काय सांगणार.

रात्री रॅक आवरला.
त्याच्या नळीशेजारी दुसरी, तशाच फॉइलमधली,
बालासोरचा एक गवंडी, नाव आकड्यांत बुडालेलं.
सीरम काढताना पिवळा तोच, जरा गडद, हळदीच्या पाण्यासारखा.
डायरेक्ट, एकशे बारा.
मी मशीन पुसून पुन्हा लावली.
एकशे बारा.
मनातल्या मनात सतराने भागून पाहिलं,
मग उगाच रुपयांत,
मग रियालमध्ये.
डॉक्टरांना फोन लावला.
काउंटरवर अर्धा खजूर तसाच होता,
त्याला मुंग्या लागल्या होत्या.